दिवा लागला म्हणजे काय झाले?

जुन्या वळणाच्या मराठी घरांत दिवा विझवत नाहीत, मालवतात. देवापाशी तेवणारी ज्योत वाऱ्याने गेली तर ती 'शांत झाली' असे म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. त्याच शिष्टाचाराचा हा भाग. दिवा लागणे शुभ आणि जाणे अशुभ ही धारणा आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की सायंकाळच्या एका प्रहरालाच आपण 'दिवेलागण' असे नाव देऊन ठेवले आहे. आषाढातल्या अमावास्येला तर घरातले सगळे दिवे घासून पुसून त्यांचीच पूजा होते. 'काय दिवे लावलेस!' हा उपरोधही दिवा लावणे हे मुळात चांगले काम आहे, या गृहीतावरच उभा आहे.

अशा भाषेत वाढलेल्या माणसाला मोटारीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा प्रथमदर्शनी परका वाटतो. तिथला सगळा व्यवहार उलटा. दिवा गेला की हायसे वाटायचे आणि लागला की छातीत धस्स व्हायचे. त्यातही आणखी एक गुंता असा की हा दिवा लागला म्हणजे नेमके काय झाले, हे त्याच्याकडे पाहून कळतच नाही. गेल्या वर्षभरात या एका इवल्याशा दिव्याने आम्हांला जो विचार करायला लावला, तो वर्गात शिकवताना आम्ही एरवी करतो त्याहून फारसा वेगळा नव्हता, म्हणून हे टिपण.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक परळच्या महाविद्यालयात शिकवतो, एक दादरच्या. राहणे गिरगावात. वाडीच्या तोंडाशी जी फिकट निळी मोटार उभी असते ती १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. अण्णांनी नोकरीत असताना घेतलेली आणि त्यांच्यामागे आमच्याकडे आलेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, पुढची बैठक सलग, खिडक्यांच्या काचा हाताने फिरवायच्या. ज्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मुंबई पाहिली आहे, त्यांना या गाडीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

तरीही थोडा इतिहास सांगायला हवा, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने मोटारी तयार होत. १९६४ मध्ये आलेली 'फियाट ११०० डिलाइट' हीच पुढे सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. नाव बदलले तरी मुंबईकरांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. शतक पालटताना तिचे उत्पादन थांबले, पण काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती पुढेही रस्त्यावर होती. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षे. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहरातून अधिकृतपणे नाहीशी झाली. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून बरेच हळवे लेख आले. त्या लेखांत न आलेली एक गोष्ट मात्र खाजगी पद्मिनी बाळगणाऱ्यांना लगेच जाणवू लागली. हजारो टॅक्सी रोज बिघडत होत्या, म्हणूनच त्या दुरुस्त करणारी माणसे आणि त्यांचे सुटे भाग ठेवणारी दुकाने टिकून होती. टॅक्सी गेली आणि त्या माणसांच्या हातांना काम उरले नाही.

मग अशी गाडी ठेवायची कशाला? हा प्रश्न आम्हांला वरचेवर विचारला जातो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावाखालून धावू लागल्यावर तर तो अधिक तीव्र झाला. आमचे उत्तर भावनेचे नाही. आईंचे वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे निकामी. आजकालच्या गाड्या एक तर इतक्या उंच की चढवत नाही, नाही तर इतक्या खोलगट की उठवत नाही. पद्मिनीचे दार रुंद उघडते आणि बैठक बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला येते. महिन्यातून एकदा त्यांना परळच्या रुग्णालयात तपासणीला न्यावे लागते. त्या गाडीत आपल्या आपण बसतात आणि आपल्या आपण उतरतात. ज्या बाईने तीस वर्षे प्राथमिक शाळेत उभे राहून शिकवले, तिच्यासाठी हे 'आपल्या आपण' किती मोलाचे आहे ते आम्ही जाणतो.

तर अशाच एका फेरीत, भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून लालबागकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर तो दिवा प्रथम लागला. हा पूल २०११ मध्ये सुरू झाला. त्यावर एकदा चढले की परळपर्यंत थांबायला जागा नाही. पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यावरून चाक गेले, धप्प असा आवाज झाला आणि वेगमापकाजवळ लाल ठिपका उमटला. तेलाच्या दाबाचा दिवा. पुढच्या सांध्यापर्यंत तो गेला, त्या सांध्यावर पुन्हा लागला. पूल उतरल्यावर गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, थोडे थांबून डिपस्टिक पुसून पाहिली. तेल वरच्या खुणेला भिडलेले होते. मागच्या बैठकीवरून आईंनी शांतपणे विचारले, "दिवा लागला म्हणून घाबरायचं, का विझला म्हणून?" त्या पिढीच्या तोंडी 'विझला' हा शब्द सहसा येत नाही. तो आला, म्हणजे प्रश्न गंभीरपणे विचारलेला होता.

त्याचे उत्तर शोधताना आम्हांला जे सल्ले मिळाले ते नमुनेदार होते. वाडीतल्या एका हितचिंतकांचे म्हणणे, जुन्या गाडीत असे दिवे लागायचेच, बल्ब काढून टाका आणि निश्चिंत व्हा. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की दाब कमी झाला म्हणजे बेअरिंगे गेली, इंजिन खोलावे लागेल. आणि जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीहून मोठा होता. एका तरुण नातेवाइकाने दाबाचा स्विच बदलण्याचा सल्ला दिला, कारण तो सगळ्यांत स्वस्त भाग. एकाने चिन्हच पुसून टाकायला सांगितले, दुसऱ्याने त्यावर आंधळा विश्वास ठेवायला, तिसऱ्याने खिशाला परवडेल तो अर्थ लावायला. दिवा नेमका केव्हा लागतो, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही. साहित्याच्या वर्गात कवितेचे जे होते तेच इथे दिव्याचे झाले होते.

या दिव्याची रचना समजून घेतली तर त्याचा खोडकरपणा ध्यानात येतो. इंजिन चालू असताना पंप तेलाला दाबाने सगळीकडे फिरवतो. दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि धातूला धातू न लागता दांडा त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. दाब गेला की पापुद्रा तुटतो आणि काही क्षणांत बेअरिंग खरवडले जाते. म्हणून इंजिनाच्या कुशीत तेलाच्या वाटेवर एक लहानसा स्विच बसवलेला असतो. त्याच्या आत पडदा आणि स्प्रिंग. दाब नसताना स्प्रिंग दोन टोके जुळवून धरते. दाब आला की पडदा उचलला जातो आणि टोके सुटतात. बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून एका तारेने या स्विचपर्यंत येतो आणि तिथून इंजिनाच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीकडे जातो. परतीची वेगळी तार नाही. गाडीचे सगळे शरीर हीच परतीची वाट. किल्ली फिरवली, इंजिन अजून थंड पडलेले आहे, दाब नाही, टोके जुळलेली, दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, दाब चढला, टोके सुटली, दिवा जातो.

म्हणजे हा दिवा वास्तविक तेलाबद्दल काहीच बोलत नाही. 'माझ्यापासून लोखंडापर्यंतची वाट पूर्ण झाली आहे' एवढेच त्याचे विधान. वाट कुठे पूर्ण झाली हे तो सांगत नाही. ती स्विचमध्ये झाली असेल तर दाब खरोखर गेला आहे. पण मधल्या कुठल्याशा वळणावर तारेचे आवरण झिजून उघडे तांबे पत्र्याला टेकले असेल, तरीही दिवा तितक्याच लालबुंदपणे लागेल.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राला ही अडचण चांगली ठाऊक होती. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'सारख्या प्राथमिक ग्रंथातही ती येते. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण जिथे धूर तिथे अग्नी असतोच. उलट दिशेने मात्र ते चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर हवा असेल तर नुसता अग्नी पुरत नाही, ओले इंधन लागते; आणि ही जी छुपी अट, तिला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटले. आमच्या दिव्याचे तंतोतंत हेच. दाब गेला की दिवा लागतो हे (बल्ब शाबूत असेल तर) खरे. पण दिवा लागला म्हणून दाब गेला, हे अनुमान एका उपाधीवर लटकते: तो स्विचच्याच वाटेने लागलेला असला पाहिजे. गॅरेजमधल्या गृहस्थांनी ही अट न तपासता इंजिन खोलायची तयारी केली होती. ती इंजिनाची शस्त्रक्रिया झाली असती, पण हेत्वाभासावर केलेली.

शेवटी परळच्या एका गल्लीत आम्हांला एक वायरमन मामा भेटले. वय पासष्टीच्या पुढचे. ऐन तारुण्यात ते इथल्याच एका गिरणीत विजेच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांपैकी ते एक. गिरणी परत सुरू झाली नाही आणि त्यांनी मोटारींच्या तारा जोडायला सुरुवात केली. चाळीस वर्षे टॅक्सीवाल्यांवर संसार चालला. आता दुकान नाही, पदपथाच्या कडेला एक पत्र्याची पेटी आहे आणि बोलावले तर येतात.

त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. "सिग्नलला उभी असताना लागतो, की चालती असताना?" चालती असताना. "गरम झाल्यावरच लागतो, की सकाळी निघाल्या निघाल्या पण?" केव्हाही. "रेस दिल्यावर जातो?" रेसशी त्याचा संबंध दिसत नाही, खड्डा आला, सांधा आला, गिअर टाकताना गाडीला हिसका बसला की लागतो. मामा म्हणाले, "मग मॅडम, तेल खड्डे मोजत नाही. खड्डे वायर मोजते."

हे वाक्य आम्ही तेव्हाच वहीत टिपून घेतले. त्यामागचा तर्क असा. तेलाचा दाब खरोखर कमी पडत असेल, तर तो पातळ झालेल्या गरम तेलात आणि मंद फिरणाऱ्या इंजिनात आधी दिसतो. तसा दिवा सिग्नलपाशी मिणमिणतो आणि वेग दिला की जातो. तेलाची पातळीच कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडी हवा येते. पण डिपस्टिकने ती शक्यता आधीच बाद केली होती. रस्त्याच्या धक्क्यांशी जोडलेला दिवा म्हणजे हलणारी तार. एकाच चिन्हाचे तीन अर्थ आणि त्यांची निवड चिन्हाकडे रोखून पाहून होत नाही, तर ते कोणत्या संदर्भात येते हे पाहून होते. अर्थ संदर्भाने ठरतो असे आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात दर जूनमध्ये सांगतो. हे तत्त्व हातात पाना घेऊन वापरले जाताना मात्र प्रथमच पाहिले.

यानंतर त्यांनी स्विचवरची तार उपसली आणि किल्ली फिरवायला सांगितली. तार मोकळी, म्हणजे दिवा लागता कामा नये. लागला नाही. मग त्यांनी इंजिन दोन्ही हातांनी धरून हलवले, आणि तार स्विचला जोडलेली नसताना दिवा लुकलुकला. स्विच निर्दोष ठरला. उरली ती तार. इंजिनाकडून डॅशबोर्डकडे जाताना मधल्या पत्र्याला एक भोक असते आणि त्याच्या कडेला रबराचे कडे बसवलेले असते, जेणेकरून पत्र्याची धार तारांना लागू नये. पस्तीस वर्षांत ते रबर वाळून तुकडे तुकडे झाले होते. त्यात कोणे एके काळी कोणीतरी गाणी वाजवायचे यंत्र बसवताना त्याच्या जाड तारा त्याच भोकातून दामटून घातल्या होत्या. त्या गर्दीने मूळच्या तारा कडेला रेटल्या गेल्या आणि त्यांतल्या एकीचे आवरण धारेवर घासत गेले.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर हा सरळ सरळ प्रक्षेप होता. मूळ संहितेत कोणीतरी आपली भर घातली आणि तिच्या भाराने जुना पाठ बिघडला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती याच उपद्रवापायी, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले तेही याच अनुभवातून. मामांनी गाण्याच्या यंत्राच्या मेलेल्या तारा उपटून काढल्या, झिजलेल्या तारेचा तुकडा कापून नवा जोडला, नळी चढवली, आणि पेटीतून एक रबरी कडे काढून भोकात बसवले. ते कडे एका मोडीत गेलेल्या टॅक्सीचे होते. मजुरी आम्ही एका चांगल्या पुस्तकाला देतो तेवढी.

गोष्ट इथे संपली असती तर ती लिहिण्याजोगी नव्हती. पण काम झाल्यावर मामांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "दिवा खोटा होता एवढंच कळलं. दाब बरा आहे हे कुठे कळलं?" आणि त्यांनी स्विच काढून त्याच्या जागी नळी लावलेले एक घड्याळ बसवले, दाब आकड्यांत दाखवणारे. संशयित साक्षीदार खोटा ठरला म्हणजे आरोपी निर्दोष ठरत नाही. ही गोष्ट न्यायालयात वकिलांना कळते, संशोधनात मार्गदर्शकांना कळते, पण गाडीच्या बाबतीत दिवा गेला की कोणीही पुढे पाहत नाही.

हे दिवे आणीबाणीपुरतेच असतात, हेही त्या दिवशी उमगले. असे स्विच साधारणपणे दर चौरस इंचाला पाच-सात पाउंडांच्या खाली दाब आला तरच बोलतात. मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा असा की इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे दहा पाउंड दाब असावा. म्हणजे वाहत्या रस्त्यावर तीस पाउंड असायला हवेत तिथे दहाच असले तरी दिवा शांत राहील, आणि आपण त्याच्या मौनाला आरोग्याचे प्रमाणपत्र समजत राहू. आमच्या गाडीचा दाब थंड असताना चाळिशीच्या वर होता. अर्धा तास चालवून, इंजिन पुरते तापल्यावर, मंद गतीला काटा दहाच्या किंचित खाली येऊन थांबला. खोटा दिवा एका खऱ्या गोष्टीपर्यंत घेऊन आला होता. इंजिन थकले होते. आज धोका नव्हता, पण शिल्लकही फारशी नव्हती.

इथे गिरणीचा एक अनुभव मामांनी सांगितला, तो सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. त्यांच्या साळखात्यात काही स्वयंचलित साचे होते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पत्ती टांगलेली असे. धागा तुटला की पत्ती खाली पडे, विजेची वाट पूर्ण होई आणि साचा थांबे. कधी कधी धागा शाबूत असूनही साचा उगीच थांबायचा. कामगार वैतागायचे, पण त्यात नुकसान पाच मिनिटांचे. खरी भीती दुसऱ्या बिघाडाची असे. हवेतला कापसाचा भुगा पत्त्यांमध्ये साचायचा, धागा तुटायचा, पत्ती अडकून राहायची आणि साचा विणतच राहायचा. वारभर कापड वाया गेल्यावर कोणाच्या तरी डोळ्यांना दिसायचे. "उगाच बोंबलणारा परवडतो," मामा म्हणाले, "गप्प बसणारा नाही परवडत."

बल्ब काढून टाकण्याचा सल्ला त्या क्षणी आम्हांला त्याच्या खऱ्या रूपात दिसला. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत हा प्रकार सर्रास चालतो. काही वस्ताद तर बल्ब काढत नाहीत, कारण किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर जाणत्या गिऱ्हाइकाला संशय येईल. ते त्याची तार शेजारच्या दुसऱ्या दिव्याला जोडून देतात. दोघे एकदम लागतात, एकदम जातात. सर्व काही ठाकठीक असल्याची हुबेहूब नक्कल. आमच्या क्षेत्रातल्या वाचकांना याची उदाहरणे गाड्यांबाहेर शोधायला लांब जावे लागणार नाही. हजेरीपत्रक भरलेले आहे, निकालाची टक्केवारी चढती आहे, अहवालातले सगळे रकाने हिरवे आहेत, आणि तृतीय वर्षाच्या वर्गात एकही प्रश्न विचारला जात नाही. अनुत्तीर्णांची संख्या वाढली की तो निदान लागलेला दिवा असतो. तो खोटा असू शकेल, प्रश्नपत्रिकेची तार कुठे घासली असू शकेल. पण त्यामागे जायला एक निमित्त मिळते. निकाल सजवून त्या दिव्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडली की ते निमित्तही जाते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या कामाची शिस्त घालून देणारे डॉ. वि. स. सुकथनकर दुरुस्तीच्या बाबतीत अत्यंत कंजूष होते. आधी सगळ्या पोथ्यांची साक्ष काढायची, त्यांचे परस्परसंबंध ठरवायचे, आणि संपादकाच्या कल्पनेने पाठ सुधारण्याचा मोह शेवटपर्यंत आवरायचा. अडचणीचा पाठ दिसला की तो पुसून सोपा पाठ घालणे हे त्यांच्या लेखी संपादन नव्हते. परळच्या पदपथावर आम्ही पाहिले ते या शिस्तीहून तत्त्वतः निराळे नव्हते. साक्ष काढा, वाट तपासा, कमीत कमी कापा, आणि एका साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा देऊ नका. मामांनी सुकथनकरांचे नाव ऐकलेले नाही. सुकथनकरांना तेलाच्या स्विचशी कर्तव्य नव्हते. तरी दोघांचे गोत्र एकच.

प्रश्न असा की ही विद्या आता राहणार कुठे? मोडीची अवस्था आपण पाहतो आहोत. पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, अक्षरे शाबूत आहेत, ती वाचणारे डोळे थोडे. पद्मिनीचे तसेच होते आहे. ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा चोर बाजारात अजून एखादा भाग मिळून जातो. दुर्मीळ झाला आहे तो 'सिग्नलला लागतो की चालताना?' हा प्रश्न. नव्या गाड्यांचे दिवे संगणकाच्या हुकमाने लागतात आणि गॅरेजमधले यंत्र जोडले की पडद्यावर संकेतांक उमटतो. त्याबद्दल तक्रार नाही. ते यंत्र पुष्कळदा माणसाहून बरोबर असते. पण तो संकेतांकही अखेर एक दिवाच आहे. संवेदक बिघडला की तारच तुटली, हे त्याच्याही मागे जाऊन पाहावे लागते, आणि जायचे कसे ते कोणीतरी कोणाला तरी शिकवलेले असावे लागते. मामांचा मुलगा एका मॉलमध्ये नोकरीला आहे; पूर्वी जिथे गिरणी होती त्याच जागी. त्याने हे काम शिकावे असे मामांनाही वाटत नाही, आणि त्यांना तसे वाटावे असे सांगणारे आम्ही कोण?

आमच्यापुरता निर्णय व्यवहाराचा आहे. जरा दाट, २०-डब्ल्यू-५० प्रतीचे तेल घातले आहे. गरम इंजिनाचा काटा त्याने दोन-तीन पाउंड वर आला. दर तीन महिन्यांनी मामा घड्याळ लावून पाहतात आणि तो आकडा आम्ही एका वहीत मांडतो. वैशाखातल्या दुपारी आईंना त्या गाडीतून नेत नाही. रुग्णालयाची वेळ सकाळची मागून घेतली आहे. २०२१ मध्ये झालेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाची पाच वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपते. तेव्हा वहीतले आकडे जे सांगतील ते ऐकायचे असे ठरले आहे, आणि ते गाडी मोडीत काढायला सांगतील ही शक्यता आम्ही आईंपासून लपवलेली नाही. "मग मला चढता येईल अशी दुसरी बघून ठेवा," एवढेच त्या म्हणाल्या.

एक बदल मात्र घरात कायमचा झाला. किल्ली फिरवल्यावर आम्ही लगेच इंजिन सुरू करत नाही. क्षणभर थांबतो. मागच्या बैठकीवरून आई विचारतात, "लागला का?" लाल ठिपका दिसला की आम्ही "लागला" म्हणतो. मगच गाडी सुरू होते.